उतारवयात घोटे-पावलं सुजतात आणि कारण सापडत नाही: काय करायचं, कोणत्या क्रमाने

संध्याकाळी मोजे काढले की घोट्याच्या वर खोल वण उमटलेला असतो. सकाळी नीट बसलेली चप्पल आता रुतते. रात्रभरात सूज बरीचशी उतरते आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलली की परत येते. तपासण्या झालेल्या असतात आणि ‘तसं काही नाही, वयामुळे होतं’ एवढंच उत्तर हाती आलेलं असतं. मग घरच्या घरी उपाय सुरू होतात: कुणाच्या तरी उरलेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, क्रेप बँडेज, गरम पाण्याचा शेक, पाणी कमी पिणं, तेल लावून जोरजोरात चोळणं. यातली एकेक गोष्ट काही पायांना घातक ठरू शकते. सूज कसली हे ओळखण्याआधीच उपाय करायला घेणं, ही यातली सगळ्यात मोठी चूक.

दुसरी चूक समजुतीची. या वयात सुजेमागे बरेचदा एकच ठळक कारण नसतं. शिरांच्या झडपा थोड्या सैल झालेल्या असतात, बीपीची एखादी गोळी चालू असते, गुडघे दुखतात म्हणून चालणं कमी झालेलं असतं, वजन थोडं वाढलेलं असतं. प्रत्येक गोष्ट सुटी तपासली तर ‘फारसं काही नाही’ असंच येतं. पाय सुजतात ते चारही एकत्र आल्यामुळे. म्हणून पुढचे टप्पे क्रमानेच घ्या. पहिले चार सूज ओळखण्याचे आहेत, उपाय पाचव्यापासून सुरू होतात.

## सुरुवात करण्याआधी: वाट बघू नये अशी लक्षणं

लगेच रुग्णालय गाठायचं, ते तेव्हा:

- एकाच पायाला अचानक सूज आली आणि पोटरी दुखते, ताठरते. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.
- सुजेसोबत अचानक धाप लागली, छातीत दुखलं, भोवळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं.
- आडवं झालं की गुदमरतं, किंवा रात्री श्वास कोंडून जाग येते.
- एक पाय लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप किंवा हुडहुडी आहे.

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं, ते तेव्हा: तीन दिवसांत वजन २ किलोंपेक्षा जास्त वाढलं, लघवी कमी झाली किंवा सतत फेसाळ होते, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, पोट फुगत चाललंय, डोळे पिवळे दिसतात, किंवा पायाच्या त्वचेतून पाणी झिरपतं.

सावधान: गुठळीची शंका असेल तर तो पाय चोळू नका, त्यावर पट्टी आवळू नका. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहावं लागलं असेल, लांबचा बसून प्रवास झाला असेल किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर ही शंका आणखी गंभीरपणे घ्यायची.

## टप्पा १: सूज कशी आहे ते हाताने ओळखा

संध्याकाळी, चांगल्या उजेडात, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करून बसा. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. पावलाकडे वरवर नजर टाकून काहीच कळत नाही.

दाबून बघा. घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवा आणि सावकाश ५ ते १० सेकंद दाबून धरा. मागे हाड असेल तिथेच दाबायचं. पोटरीच्या मांसल भागावर दाबून उपयोग नाही. अंगठा उचलल्यावर खळगा डोळ्यांना दिसला नाही, तरी त्या जागेवरून बोट हलकेच फिरवा. हाताला तो लागतो. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागेही असंच करा. खळगा कुठपर्यंत पडतो ते लिहून ठेवा: फक्त पावलावर, घोट्यापर्यंत, की गुडघ्याच्या जवळ.

चिमटीत धरून बघा. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची त्वचा चिमटीत उचला. ती जाड होऊन उचललीच जात नसेल, तर सूज लसिकावाहिन्यांमुळे असण्याची शक्यता बरीच असते. या वाहिन्या ऊतींमधलं जादा पाणी परत वाहून नेतात. त्यांच्या सुजेवर लघवीच्या गोळ्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात, म्हणून ही अर्ध्या मिनिटाची चाचणी चुकवू नका. मात्र चिमटीत त्वचा आली म्हणून हे कारण नाहीच, असा निष्कर्ष काढू नका. सुरुवातीला ती उचलली जाते.

दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. दोन्ही सारखे सुजले असतील तर कारण बहुधा सगळ्या शरीराशी किंवा औषधाशी निगडित असतं. शिरांचा त्रासही दोन्हीकडे असतो, पण एका पायाला अधिक दिसतो. पाय जाडजूड आणि दाबल्यावर दुखणारे, पावलं मात्र अगदी सडपातळ, असं चित्र असेल तर ते पाणी नसून चरबीची वेगळी ठेवण असू शकते. बहुतेक करून ती बायकांमध्ये आढळते. पूर्वी हृदयाच्या बायपाससाठी एका पायातली शीर काढलेली असेल किंवा गुडघा बदललेला असेल, तर त्या पायाची जुनी, न दुखणारी सूज त्यामुळेही असू शकते. ही गोष्ट तपासणाऱ्याला आवर्जून सांगा, कारण वर्षांनी ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्वचेचा रंग बघा. घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग, कोरडी खाज, फुगलेल्या वाकड्यातिकड्या शिरा दिसल्या, तर शिरांच्या झडपांचा दोष जवळजवळ समोरच मांडलेला असतो. उतारवयात दोन्ही पाय दीर्घकाळ सुजण्याचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

तपासून बघा: एकाच पायाची नवी सूज दुखत नसली, हळूहळू वाढत असली, तरी ‘वयामुळे’ या खात्यात टाकायची नाही. ओटीपोटात कुठे शिरेवर किंवा लसिकावाहिन्यांवर दाब येतोय का, हे तपासून घ्यावं लागतं.

## टप्पा २: सात दिवसांची नोंद

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, म्हणून लोक तो गाळतात. डॉक्टरांना मात्र सगळ्यात जास्त माहिती याच कागदावरून मिळते.

१. टेपने घेर मोजा. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर सपाट टेका. जमिनीपासून १२ सेंमी उंचीवर पेनाने खूण करा आणि तिथला घेर घ्या. दुसरा घेर पोटरीच्या सगळ्यात जाड जागी. टेप नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. दोन्ही पाय, सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री झोपण्याआधी.

२. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करा. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो. पाय फुगलेले दिसू लागण्याआधीच शरीरात दोन-तीन लिटर पाणी जादा साठलेलं असू शकतं, त्यामुळे काटा डोळ्यांच्या आधी सांगतो.

३. रोज चार गोष्टी लिहा: सलग बसणं किती तास झालं, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागलं, किती उशा घेऊन झोप लागली, आणि झोप अंथरुणात झाली की खुर्चीत.

शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर घरचे लोक अनेकदा लपवतात किंवा त्यांच्या ते लक्षातच येत नाही. पाठ दुखते, टीव्ही लागलेला असतो, आणि आई किंवा बाबा आरामखुर्चीत पाय खाली सोडून रात्र काढतात. अशा पायांना चोवीस तासांत एकदाही उतार मिळत नाही. सकाळीही सूज तशीच असेल तर सगळ्यात आधी हे विचारा. खुर्चीत झोपायचं कारण आडवं झाल्यावर लागणारी धाप हे असेल, तर प्रश्न खुर्चीचा उरत नाही. हृदय तातडीने तपासायला हवं.

रात्री लघवीला वारंवार उठणं हेही सुजेचंच दुसरं टोक असू शकतं. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतात. पुष्कळ जण हा त्रास फक्त प्रोस्टेटच्या किंवा साखरेच्या नावावर टाकतात.

## टप्पा ३: औषधांची पाकिटं टेबलावर मांडा

यादी तोंडपाठ सांगू नका. गेल्या सहा महिन्यांत घेतलेलं प्रत्येक औषध, मलम, ‘कधीमधी घेतो ती’ गोळी, सगळी पाकिटं एकत्र करा आणि वर छापलेली औषधाची मूळ नावं वाचा. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि त्रासदायक नाव नेमकं बारीक अक्षरांत दडलेलं असतं.

ही नावं शोधा: बीपीसाठी अॅम्लोडिपिन, निफेडिपिन, फेलोडिपिन. सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब. नसांच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडं. पार्किन्सन्ससाठी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल. गोळीच्या रूपातलं मिनॉक्सिडिल आणि काही हार्मोन्स.

यात अॅम्लोडिपिनकडे नीट बघायला हवं, कारण ते फार वापरलं जातं आणि त्याची सूज फार वेळा ओळखली जात नाही. हे औषध लहान धमन्या सैल करतं, शिरा मात्र तितक्या सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. म्हणजे शरीरात पाणी साठलंय म्हणून ही सूज येत नाही, आणि म्हणूनच लघवीच्या गोळीने ती फारशी हलत नाही. ५ मिलिग्रॅमपेक्षा १० मिलिग्रॅमला ती जास्त दिसते, आणि औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही येऊ शकते. ‘ही गोळी तर मी कधीपासून घेतोय’ म्हणून तिला यादीतून वगळू नका.

इथून एक साखळी सुरू होते, ती घरोघरी दिसते. बीपीच्या गोळीने सूज येते. सुजेसाठी लघवीची गोळी मिळते. तिने सोडियम-पोटॅशियम खाली जातं, उभं राहिलं की भोवळ येते, गाऊट (युरिक अॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) उठतो. गाऊटसाठी वेदनाशामक सुरू होतं, आणि वेदनाशामकाने पाणी साठून सूज पुन्हा वाढते. तोडायची ती साखळीची पहिली कडी, आणि ती डॉक्टरांनीच तोडायची: डोस कमी करून, औषध बदलून किंवा बीपीचं दुसऱ्या गटातलं औषध जोडून.

सावधान: बीपीची गोळी किंवा स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करू नका. सुजेपेक्षा मोठा धोका ओढवेल.

## टप्पा ४: डॉक्टरांकडे तयारीने जा

दुपारनंतरची वेळ मागा. सकाळी पाय उतरलेले असतात आणि ‘फार नाहीये’ असं म्हणून विषय संपतो. ते जमत नसेल तर संध्याकाळचे फोटो न्या, दोन्ही पाय एकाच चौकटीत. गुडघ्यापर्यंत सहज वर होतील असे कपडे घाला आणि मोजे काढूनच तपासणी होऊ द्या. नोंदीचा कागद आणि पाकिटं सोबत.

साधारणपणे या तपासण्या होतात: लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या चाचण्या आणि रक्तातलं अल्ब्युमिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी. हृदयाची शंका असेल तर बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी ही रक्तचाचणी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी). ‘सगळं नॉर्मल’ असं ऐकून परतलेल्यांनी नेमकं काय झालं आणि काय राहिलं ते ताडून पाहायला हवं, कारण तीन जागी हमखास गल्लत होते.

पहिली जागा इको. रिपोर्टवर ईएफ ६० टक्के लिहिलेलं असलं की हृदय ठणठणीत असं मानलं जातं. तो आकडा हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते सांगतो. हृदय ताठर होऊन नीट भरतच नसेल, तर ईएफ चांगला असूनही हार्ट फेल्युअर (हृदय कामाला कमी पडणं) असू शकतं. उतारवयात, विशेषतः जुनं बीपी, मधुमेह, लठ्ठपणा किंवा अनियमित ठोके असतील तर हे बरंच आढळतं. जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल तर हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारा.

दुसरी जागा पायांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). गुठळी आहे का हे पाहणारा डॉपलर आणि शिरांच्या झडपा गळतात का हे पाहणारा डॉपलर, या वेगळ्या तपासण्या आहेत. झडपांची गळती उभं राहून तपासावी लागते. नुसतं झोपवून ‘गुठळी नाही’ असा रिपोर्ट आला, तर शिरांचा प्रश्न तपासला गेलाय असं समजू नका.

तिसरी जागा झोप. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबणं आणि दिवसा डुलक्या, या गोष्टी सुजेशी संबंध नाही म्हणून कुणी बोलतच नाही. झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाय सुजू शकतात. हत्तीरोग असलेल्या भागात कधी राहणं झालं असेल तर तेही सांगा.

निघण्याआधी हे चार प्रश्न विचाराच:

- माझ्या औषधांपैकी कुणामुळे सूज येत असेल का?
- पायांच्या धमन्यांचा रक्तपुरवठा दाबाचे मोजे सोसण्याइतका चांगला आहे का?
- मिठाची आणि पाण्याची मर्यादा मला लागू आहे का, किती?
- वजन किती वाढलं तर फोन करायचा?

तपासून बघा: दुसरा प्रश्न राहिला असेल तर टप्पा ७ सुरू करू नका.

## टप्पा ५: पाय वर, म्हणजे नेमके किती वर

समोरच्या स्टुलावर पाय ठेवून बसणं म्हणजे पाय वर ठेवणं, असं बहुतेकांना वाटतं. नुसते लोंबकळण्यापेक्षा ते बरं, पण सूज उतरवायला पुरत नाही. पावलं हृदयाच्या पातळीच्या वर जायला हवीत, म्हणजे आडवंच व्हावं लागतं.

पलंगावर पाठीवर झोपा. पोटरीखाली, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आधार मिळेल अशा उशा ठेवा. गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. टाच उशीच्या कडेबाहेर मोकळी हवी. म्हाताऱ्या, सुजलेल्या टाचेवर तासभर भार पडला तर तिथे जखम व्हायला वेळ लागत नाही. २० ते ३० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्यातली एक वेळ दुपारी उशिराची ठेवा. ते पाणी संध्याकाळीच लघवीवाटे गेलं तर रात्रीच्या फेऱ्या कमी होऊ शकतात.

सावधान: पाय वर घेतल्यावर धाप लागली तर लगेच उठून बसा आणि डॉक्टरांना सांगा. पाय वर घेतल्यावर ते जास्त दुखायला लागले, पांढुरके पडले आणि खाली सोडल्यावर बरं वाटलं, तर धमन्यांत अडथळा असण्याची शंका घ्या आणि पुढचे दोन टप्पे थांबवा.

## टप्पा ६: पोटरीला कामाला लावा

पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. प्रत्येक पावलागणिक ते शिरांना पिळतात. घोटा आखडलेला असेल आणि चालताना पाऊल फरफटत असेल तर किलोमीटरभर चालूनही ही पिळणी होत नाही. म्हणून आधी घोटा, मग अंतर.

बसल्या बसल्या दर तासाला: पावलाची बोटं नाकाकडे ओढायची, मग जमिनीकडे ढकलायची, सावकाश २० वेळा. मग घोटा गोल फिरवायचा. हे जमू लागलं की ओट्याला किंवा जड टेबलाला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, १० वेळा, वर पोचल्यावर क्षणभर थांबून. खाली येताना आदळायचं नाही. चालताना टाच आधी टेकवायची आणि बोटांनी जमीन मागे ढकलायची.

अर्ध्या-पाऊण तासाच्या वर सलग बसायचं नाही आणि एकाच जागी उभंही राहायचं नाही. उभं राहणं म्हणजे व्यायाम, ही समजूत पायांना महागात पडते.

## टप्पा ७: दाबाचे मोजे

इथे सगळ्यात जास्त पैसे आणि श्रम वाया जातात. मोजे आणले जातात, दोनदा घातले जातात आणि कपाटात जातात. जवळजवळ नेहमी दोष मापाचा असतो, नाहीतर घालायच्या वेळेचा.

आधी परवानगी. हातापायांच्या बीपीची तुलना करून धमन्यांचा पुरवठा तपासतात. घोट्याचं बीपी दंडाच्या बीपीच्या ०.८ पटीपेक्षा कमी असेल तर नेहमीच्या दाबाचे मोजे तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घालायचे नाहीत, ०.५ च्या खाली असेल तर मुळीच नाही. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, चढा येऊ शकतो. पावलांची संवेदना गेलेली असेल, त्वचा कागदासारखी पातळ असेल किंवा हार्ट फेल्युअर आटोक्यात नसेल तरी थांबा.

माप. सकाळी, सूज उतरलेली असताना. घोट्याच्या हाडांच्या वरचा सगळ्यात बारीक घेर, पोटरीचा सगळ्यात जाड घेर, आणि टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. बुटाच्या नंबरावरून मोजे घेतले तर ते पोटरीला रुततील किंवा घोट्याला ढिले पडतील. सूज खूप असेल तर मोजे आधी घ्यायचेच नाहीत. शिकलेल्या हाताने रोज पट्ट्या बांधून पाय उतरवायचा आणि मग माप घ्यायचं.

दाब. तो मिलिमीटर पाऱ्यात मोजतात आणि पाकिटावर लिहिलेला असतो. सौम्य म्हणजे १५ ते २०, मध्यम २० ते ३०. वर्गांचे क्रमांक देशागणिक बदलतात, म्हणून ‘क्लास दोन’ असं न सांगता आकडा विचारा. माझं मत स्पष्ट आहे: कपाटातल्या जोरदार मोज्यापेक्षा पायातला सौम्य मोजा कितीतरी चांगला. म्हाताऱ्या बोटांना ३० चा मोजा चढवता येत नसेल तर १५ पासून सुरुवात करा.

घालायची पद्धत.

१. सकाळी अंथरुणातच, पाय खाली सोडण्याआधी. उठून चहा घेऊन, अंघोळ करून मग घालायला बसलात तर सूज यायला लागलेली असते. अंघोळ रात्री करणं हा सोपा मार्ग.

२. त्वचा कोरडी हवी. क्रीम रात्री लावायचं. सकाळी लावलं तर मोजा सरकत नाही.

३. रबरी हातमोजे घाला. पकड येते, नखांनी मोजा फाटत नाही. अंगठ्या काढून ठेवा.

४. मोज्यात हात घालून टाचेचा खळगा धरा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करा. आता पाऊल आत सरकवा, टाच नेमकी टाचेवर बसवा. ही टाच वाकडी बसली तर पुढचं सगळं वाकडं.

५. मग तळव्याने कापड थोडं थोडं वर सरकवत न्या. वरची कड धरून ओढायचं नाही.

६. शेवट गुडघ्याच्या घडीच्या दोन बोटं खाली. कड लांब वाटली तरी दुमडायची नाही.

दुमडलेल्या कडेचा दाब दुप्पट होतो. तिथे दोरी आवळल्यासारखा पट्टा पडतो, खालची सूज वाढते आणि त्वचा फाटू शकते. दुपारी एकदा आरशात किंवा हाताने बघा: घोट्याच्या पुढच्या वळणावर आणि गुडघ्याखाली सुरकुती आहे का? असेल तर सपाट करा.

झोपताना काढायचे. दोन जोड ठेवा, रोज कोमट पाण्याने धुवा, पिळू नका, उन्हात किंवा हीटरवर वाळवू नका. तीन ते सहा महिन्यांत ताण जातो. मोजा एकाएकी सहज चढायला लागला तर तो जुना झालाय.

सावधान: बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली किंवा नव्याने दुखायला लागली तर मोजा लगेच काढा. घरी बांधलेलं क्रेप बँडेज दाबाच्या मोज्याची जागा घेत नाही. ते कुठे सैल, कुठे घट्ट बसतं आणि घट्ट जागा पोटरीवर आली तर पावलात पाणी कोंडतं.

## टप्पा ८: त्वचा आणि पादत्राणं

सुजलेली त्वचा ताणलेली असते, छोटा ओरखडाही कधीकधी महिनोन्महिने भरत नाही. रोज रात्री कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या मधल्या जागा टिपून कोरड्या करा आणि बिनवासाचं साधं क्रीम लावा. बोटांच्या फटीत मात्र लावू नका. तिथे चिखल्या झाल्या असतील तर त्यांचा उपचार आधी, कारण पायाच्या जंतुसंसर्गाला नेमकी तिथूनच वाट मिळते. गरम पाण्याचा शेक नको: रक्तवाहिन्या सैल होऊन सूज वाढते आणि संवेदना कमी असलेल्या पायाला भाजल्याचं कळतही नाही.

दोन्ही पाय एकाच वेळी लाल, खाजरे, खवलेदार झाले तर ते बहुधा शिरांमुळे झालेलं इसब असतं. जंतुसंसर्ग जवळजवळ नेहमी एकाच पायाला होतो. दोन्ही पायांसाठी अँटिबायोटिकचे कोर्स होत असतील तर हा फरक डॉक्टरांसमोर मांडा.

बूट-चप्पल दुपारनंतर, पाय सुजलेले असताना निवडा. सैल-घट्ट करता येणारा पट्टा आणि मागे टाचेला आधार हवाच. पाय मावत नाहीत म्हणून मोठ्या मापाच्या सपाता घालून फिरणं हा पडण्याचा सरळ रस्ता आहे.

## टप्पा ९: मीठ, पाणी आणि लघवीची गोळी

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे एक चहाचा चमचा भरेल त्याहून कमी. मीठ मोजताना ताटातलं बघितलं जातं आणि पाकीटबंद पदार्थांतलं विसरलं जातं. आणखी एक विसरली जाणारी जागा म्हणजे पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्या. त्यातल्या अनेकांत सोडियम भरपूर असतं. कमी सोडियमचं मीठ आणण्याआधी विचारा. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडं अशक्त असतील किंवा बीपीची काही औषधं चालू असतील तर ते रक्तात धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

डॉक्टरांनी मर्यादा घातलेली नसेल तर पाणी तोडू नका. तहान मारून पायांचं पाणी उतरत नाही. मूत्रपिंडांवर ताण येतो आणि बद्धकोष्ठता वाढते.

लघवीची गोळी हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या सुजेत खरोखर उपयोगी आहे, तिथे ती नेमाने घ्या. शिरांच्या, लसिकेच्या किंवा अॅम्लोडिपिनच्या सुजेत तिचा फायदा थोडा आणि तोटे बरेच. ती चालू असेल तर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन ठरलेल्या वेळी तपासलं जातंय का ते बघा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ती चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारा.

## टप्पा १०: सहा आठवड्यांनी पुन्हा टेप काढा

टप्पा २ ची नोंद आणखी सात दिवस ठेवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. संध्याकाळचा घेर एक-दोन सेंटिमीटरनेही कमी झाला असेल तर घडी बसलीय, तीच चालू ठेवा. सकाळचा घेर कमी झाला पण संध्याकाळचा तसाच असेल तर झोप सुधारलीय, दिवसाचं बसणं सुधारलेलं नाही. दोन्ही जागच्या जागी असतील तर मोज्यांचं माप आणि औषधांची यादी परत तपासा. बहुतेक अडथळे या दोन जागी सापडतात.

आणि पायांत काही बदल झाला, म्हणजे सूज घोट्यावरून मांडीकडे सरकली, एका बाजूला झुकली, सकाळीही राहू लागली किंवा सोबत दम लागायला लागला, तर जुन्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. दोन वर्षांपूर्वीचा इको आजच्या सुजेबद्दल काही सांगत नाही. नोंदीचे दोन्ही कागद घेऊन टप्पा ४ पासून पुन्हा सुरुवात करा.